गाडी सोडू नका, गाडी बदला

प्रिय आई, बाबा,

आई, माझ्या स्टेटसवरची ती लांबलचक काळी गाडी बघून तू विचारलंस ना की हे विमान आहे की काय, तर ती ड्रॅग रेसची गाडी आहे. ती ज्याने बांधली आणि पळवली तो माणूस म्हणजे डॉन गार्लिट्स, इथलाच, अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यातल्या टॅम्पाचा, जन्म 1932 चा. ओकालाजवळ हायवेला लागून त्याने 1984 मध्ये म्युझियम काढलंय, तिथे जाऊन आलो. बाबा स्कूटरवरून पडून प्लास्टरमध्ये आहेत, तेव्हापासून त्यांना त्याच्याबद्दल सांगायचंच होतं, पण फोनवर तुम्ही दोघं एकदम बोलता त्यामुळे राहून जातं, म्हणून हे पत्र.

ड्रॅग रेस म्हणजे वळणं वगैरे काही नाही. सरळसोट रस्ता, मूळ अंतर पाव मैल म्हणजे साधारण 400 मीटर, दोन गाड्या शेजारी शेजारी, दिवा हिरवा झाला की सुटायचं आणि मागे पॅराशूट उघडून थांबायचं. त्याच्या ऐन भरातल्या काळात सगळा खेळ सहा-सात सेकंदांत खलास व्हायचा. त्याच्यासारख्या गाड्यांत पेट्रोलऐवजी नायट्रोमिथेन नावाचं जहाल इंधन जाळतात, आवाज कानात नाही छातीत ऐकू येतो.

शाळा संपल्यावर हा एका मोठ्या दुकानात हिशेब लिहायला लागला होता, म्हणजे आईला आवडेल अशी पंख्याखालची नोकरी. ती काही महिन्यांत सोडली, आणि गंमत म्हणजे सोड म्हणून सांगणारे त्याचे सावत्र वडीलच! मग गॅरेजकाम, आणि स्वतःच्या हाताने रेसच्या गाड्या बांधणं. सगळ्यांचं नाव स्वॅम्प रॅट, पुढे फक्त नंबर. 1964 मध्ये न्यू जर्सीत त्याने ताशी 201 मैल गाठले, म्हणजे आपल्या हिशेबाने 320 किलोमीटरच्या वर. लोक त्याला बिग डॅडी म्हणतात.

पण बाबा, मला त्याच्या रेकॉर्डपेक्षा त्याचे अपघात जास्त महत्त्वाचे वाटतात. 1959 मध्ये साउथ कॅरोलिनात सुपरचार्जर, म्हणजे इंजिनात जोराने हवा कोंबणारा पंप, फुटला, हात आणि तोंड बेक्कार भाजलं. बरा होऊन परत आला. मग 8 मार्च 1970, कॅलिफोर्नियात लाँग बीचजवळचा लायन्स ड्रॅग स्ट्रिप. तेव्हाच्या गाड्यांत ड्रायव्हर मागच्या चाकांच्याही मागे बसायचा. म्हणजे बघा, एवढं मोठं इंजिन तोंडासमोर, काही फुटलं तर तेल आणि आग थेट अंगावर, आणि ट्रान्समिशन, म्हणजे इंजिनाची ताकद चाकांकडे नेणारा गिअरचा डबा, दोन पायांच्या मध्ये. म्युझियममध्ये तसली सीट वाकून बघितली मी, गुडघे कुठे ठेवायचे हाच प्रश्न पडतो. तर त्या दिवशी स्टार्ट लाइनवरच ट्रान्समिशन फुटलं, गाडीचे मधोमध दोन तुकडे, आणि ह्याच्या उजव्या पावलाचा पुढचा भाग गेला.

आता इथे दोन रस्ते होते. एक, पुरे झालं, घरी बसायचं. दोन, बरं झालं की पुन्हा त्याच गाडीत बसायचं, कारण सगळे त्याच गाड्या चालवत होते. आपल्या घरात सध्या हेच दोन रस्ते चालू आहेत बरं का. आई म्हणते स्कूटर कायमची बंद, आणि बाबा म्हणतात प्लास्टर निघू दे, तीच काढतो. मला दोन्ही पटत नाही!

गार्लिट्सने हॉस्पिटलमध्ये पडल्या पडल्या वेगळीच गाडी कागदावर काढायला घेतली, इंजिन मागे आणि ड्रायव्हर पुढे. नवीन कल्पना नव्हती ती, आधी इतरांनी करून बघितली होती, पण त्या गाड्या सरळ जातच नसत. ह्याचीही जात नव्हती. शेवटी खोड सापडली स्टिअरिंगमध्ये. ड्रायव्हर पुढे बसल्यामुळे गाडीचं मागचं अंग हललेलं त्याला उशिरा कळायचं, आणि चाक इतकं तिखट की जरा फिरवलं की गाडी भलतीकडे. त्याने स्टिअरिंग संथ केलं, म्हणजे हातातलं चाक बरंच फिरवलं तरी गाडी थोडीच वळेल असं, बस्स. 1971 मध्ये हीच गाडी घेऊन कॅलिफोर्नियातल्या पोमोनाची मोठी रेस जिंकला आणि पुढच्या काही वर्षांत टॉप फ्युएलमधल्या, म्हणजे ड्रॅग रेसच्या सगळ्यात वेगवान गटातल्या, जवळपास सगळ्यांनी इंजिन ड्रायव्हरच्या मागे बसवलं. आजही तशाच गाड्या धावतात. किती जणांचे जीव वाचले असतील त्याने, त्याची मोजदाद कोण करणार.

पुढचं भराभर सांगतो, नाहीतर आई पत्र बाजूला ठेवेल. 1975 ला ताशी 250 मैल पार आणि चॅम्पियन. मग मधली काही वर्षं जरा बाजूला, लोकांनी संपला म्हणून टाकलं, तर 1984 मध्ये बावन्नाव्या वर्षी इंडियानापोलिसची यूएस नॅशनल्स ही मोठी रेस जिंकून आला, आणि 1985, 1986 लागोपाठ चॅम्पियनशिप. 86 सालची ती झाकलेल्या कॉकपिटची गाडी आता स्मिथसोनियन या अमेरिकेच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. 1992 मध्ये डोळ्याने थांबवलं, पॅराशूट उघडल्यावर जो हिसका बसतो त्याने पडदा सुटायला लागला. तरी सत्तरी ओलांडल्यावर एकदा ताशी 323 मैलांवर जाऊन आलाच, हे मात्र बाबांनी मनावर घेऊ नये.

आणि आता बाबा, तुमच्यासाठी खास. "आवाज नाही ती कसली गाडी" हे तुमचं वाक्य. ज्या माणसाने सगळा जन्म नायट्रोच्या गडगडाटात काढला त्याने 2014 मध्ये, त्याची बायको पॅट गेली त्याच वर्षी, ब्याऐंशीच्या वयात, बॅटरीवरची ड्रॅग रेसची गाडी बांधून ताशी 184 मैल काढले, आणि 2019 मध्ये दुसरी बांधून 189. त्याला 200 हवे होते, तो मान दुसऱ्यानेच आधी पटकावला, पण ह्याने बॅटरीला नावं ठेवली नाहीत.

तेव्हा ती जुनी गिअरची जड स्कूटर विकून टाका. बिनगिअरची, हलकी, सीट खाली असलेली बघा, बॅटरीची असेल तर उत्तमच. शोरूममध्ये बसून दोन्ही पाय सपाट टेकतात का ते आधी बघायचं, मायलेज-बियलेज नंतर. प्लास्टर निघाल्यावर डॉक्टर हो म्हणाले तरच. आई, तू मागे बसून एक चक्कर मार आणि काय वाटतं ते मला तूच सांग, बाबांच्या "मस्त आहे" वर माझा विश्वास नाही. पैसे मी पाठवतो, त्यावरून वाद घालू नका.

तुमचा,
मनू