घशातली निळी गाठ, तुकडा काढायची घाई नको

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

माझा मोठा भाऊ भजनी बुवा. कणकवलीकडे गणपतीत डबलबारीला उभा राहिला की पहाटेपर्यंत आवाज हलायचा नाही, त्यामुळे गेल्या वर्षी घसा बसला तेव्हा सगळे म्हणाले एवढं गायल्यावर बसणारच. ज्येष्ठमध झालं, गुळण्या झाल्या, दिवाळी आली तरी आवाज घोगराच, गिळताना काहीतरी अडकल्यासारखं, आणि एक दिवस थुंकीत रक्ताची रेघ दिसली. त्या रात्री घरात कोणी जेवलं नाही, कारण तो तंबाखू खातो.

एका ठिकाणी दुर्बिणीतून बघितलं तर स्वरयंत्राच्या वरच्या भागात निळी-जांभळी गाठ. लगेच बायोप्सीची, म्हणजे तपासायला गाठीचा तुकडा काढायची, तारीख दिली. मामेबहीण नर्स आहे, ती म्हणाली दादा थांब, आधी दुसऱ्यांना दाखव, म्हणून गोव्याला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी त्याला श्वास कोंडून जोर लावायला सांगितला तर गाठ स्क्रीनवर आमच्या डोळ्यादेखत फुगली! आत रक्तच होतं. नुसता तुकडा काढला असता तर ते श्वासनळीत उतरून जिवावर बेतलं असतं. एमआरआय केला, निदान हिमँजिओमा, म्हणजे रक्तवाहिन्यांची गुंतावळ, कॅन्सर नाही.

लहान बाळांना होते ती वेगळी, ती बहुतेक स्वरतंतूंच्या खाली असते आणि पुढे विरते, तिच्यावर प्रोप्रानोलॉल ही ब्लडप्रेशरची गोळी चालते हे २००८ साली फ्रान्समधल्या डॉक्टरांनी दाखवलं. मोठ्यांची क्वचितच सापडते आणि आपोआप जात नाही. त्रास नसेल तर नुसतं लक्ष ठेवतात, नाहीतर लेझर किंवा गाठ सुकवायचं इंजेक्शन, फार मोठी असेल तर आधी तिची रक्ताची नस बंद करून मग ऑपरेशन. भावाचं लेझरवर भागलं, आवाज चौदा आणे परत आलाय.

बायोप्सी वाईट असं मी अजिबात म्हणत नाही, संशय येईल अशा बाकीच्या गाठींना ती लागतेच आणि तंबाखू खाणाऱ्याने तर ती टाळूच नये. पण गाठ निळसर दिसली की आधी कॉन्ट्रास्ट (रक्तवाहिन्या उठून दिसाव्यात म्हणून शिरेतून देतात ते औषध) देऊन स्कॅन करा एवढंच डॉक्टरांना हात जोडून सांगणं आहे. आणि सरकारने तालुक्याच्या दवाखान्यात घशाची दुर्बीण आणि ती वापरणारा माणूस द्यावा, दरवेळी गोवा नाहीतर कोल्हापूर गाठायला सगळ्यांकडे पैसे नसतात.

पत्र चतुर्थीच्या आधी छापलंत तर बरं होईल. आवाज ३ आठवडे बसलेला राहिला तरी त्या दिवसांत आमच्याकडे कोणी मनावर घेत नाही.

आपला एक वाचक,
कणकवली तालुका, सिंधुदुर्ग