मुलांचं वजन सर्वांसमोर का पुकारायचं?

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

मुलांमधल्या लठ्ठपणावर हल्ली बरंच लिहून येतं. सीबीएसईने मे २०२५ मध्ये आपल्या शाळांना 'शुगर बोर्ड' लावायला सांगितलं, रोजच्या खाण्यापिण्यात किती साखर जाते हे मुलांना दिसावं म्हणून. चांगलं झालं. त्याच वर्षी युनिसेफने सांगितलं की जगभरात शाळकरी वयाच्या लठ्ठ मुलांचं प्रमाण कमी वजनाच्या मुलांपेक्षा पहिल्यांदाच जास्त झालं आहे. पण अशा मुलाला शाळेत दिवसभर काय ऐकून घ्यावं लागतं, हे कुठे वाचायला मिळत नाही. सांगली जिल्ह्यातल्या एका शाळेत मी २९ वर्षं शारीरिक शिक्षण शिकवलं. मला त्याविषयीच लिहायचं आहे, कारण ऐकवणाऱ्यांत मीही होते.

जूनमध्ये शाळा सुरू झाली की उंची-वजनं घेऊन प्रगतिपुस्तकात भरायची असत. व्हरांड्यात वजनकाटा ठेवायचा, वर्ग अनवाणी रांगेत उभा करायचा, मी आकडा मोठ्याने सांगायचा आणि वर्गप्रतिनिधीने वहीत लिहायचा. सातवीतला एक मुलगा काट्यावर चढण्याआधी कमरेचा पट्टा काढून कट्ट्यावर ठेवायचा. मग खिशातला कंगवा, रुमाल, सुटे पैसे. मग गळ्यातलं ओळखपत्र. एवढं करून श्वास रोखून, पोट आत ओढून उभा राहायचा. मी म्हणाले, "अडुसष्ट." मागून कुणीतरी "टेम्पो!" म्हणालं आणि अख्खी रांग हसली. मी "गप्प बसा" म्हणून पुढच्याला बोलावलं. माझ्या लेखी विषय तिथेच संपला होता.

आठवीत वजनाच्या दिवशी तो आलाच नाही. गोळाफेकीत तालुक्याला दुसरा आलेला मुलगा मैदानाच्या तासाला पोटदुखीची चिठ्ठी आणू लागला. दिवाळीच्या सुट्टीनंतर त्याची आई भेटायला आली. डबा जसाच्या तसा भरलेला परत येतो, मधल्या सुट्टीत सगळ्यांसमोर तो खातच नाही, म्हणाली. आणि रात्री सगळे झोपले की स्वयंपाकघरातून फरसाणाचा डबा उघडल्याचा आवाज येतो. "बाई, त्याला ओरडू की नको?" तिने विचारलं, तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं.

उत्तर फार उशिरा वाचनात आलं. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१७ मध्ये याच विषयावर धोरण जाहीर केलं. वजनावरून चिडवल्याने मुलं बारीक होत नाहीत. ती अधाशासारखं खाऊ लागतात, खेळ टाळतात, एकटी पडतात आणि वजन आणखी वाढतं, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. म्हणजे आम्ही ज्याला शिस्त समजत होतो, त्यानेच त्या मुलाला मैदानावरून घालवलं.

दुसरी गोष्ट सांगताना अजून जड जातं. सोमवारी परिपाठानंतर नखं, केस, मान तपासायची आमच्याकडे पद्धत होती. एका मुलीच्या मानेवर मागे काळपट, मखमलीसारखा जाडसर पट्टा दिसला. "उद्या मान घासून ये," मी रांगेतच म्हटलं. दुसऱ्या दिवशी ती लाल झालेली मान घेऊन आली. आईने काथ्याने घासली होती. पट्टा तिथेच होता, कारण तो मळ नव्हताच. शरीर इन्सुलिनला नीट दाद देईनासं झालं की मानेवर, काखेत असा काळेपणा येतो. वाढलेल्या वजनाच्या मुलांमध्ये तो बरेचदा दिसतो आणि दिसला की रक्तातली साखर तपासून घ्यायची असते. जिला डॉक्टरांकडे पाठवायचं, तिला मी मोरीवर पाठवलं. आजही कितीतरी घरांत अशा माना घासल्या जात असतील. आईवडिलांनो, कृपा करून घासू नका, दाखवून या.

नुसत्या डोळ्यांनी जाडी मोजणं तसंही फसवं आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचा आणि इंग्लंडमधले सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचा फोटो छापला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा, सारखाच, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! तेव्हा ज्याला आपण 'काडी पहिलवान' म्हणून सोडून देतो, त्यालाही मैदानाची तितकीच गरज असते. मुलांचा बीएमआय मोठ्यांच्या आकड्यांवरून वाचायचाही नसतो. त्यासाठी भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचे २०१५ चे तक्ते आहेत, मुलांचे वेगळे आणि मुलींचे वेगळे, वयाप्रमाणे.

घरीदारी तरी वेगळं काय चालतं? बाळसं धरलेल्या पोराला सुदृढ बालक स्पर्धेत बक्षीस मिळतं, 'खात्यापित्या घरचं दिसतंय' म्हणून गालगुच्चे घेतले जातात. तीच पोरगी अकरा वर्षांची झाली की पंगतीत मावशी जिलबी वाढता वाढता म्हणते, "कमी खा गं, पुढे कोण करून घेईल तुला?" आणि जिलबी वाढतेच. पाळी येण्याच्या सुमारास मुलींचं अंग भरतं, ते वाढीचाच भाग असतं. पण ते ऐकायच्या आत त्या मुलीने रात्रीचं जेवण सोडलेलं असतं. वाढत्या मुलाचं वजन घटवण्यापेक्षा ते आहे तिथे राखून उंची वाढू देणं हाच बरेचदा डॉक्टरांचा सल्ला असतो. उपासमार नव्हे.

शाळांकडे माझं मागणं थोडं आहे आणि त्याला निधी लागत नाही. वजन एका खोलीत, एकेकाला बोलावून घ्यावं. आकडा शिक्षकाने स्वतः लिहावा, पुकारू नये, फळ्यावर तर मुळीच नको. काही सांगायचं असेल तर पालकांना बोलावून सांगावं, पोराला बाहेर बसवून. मैदानावर दोन कप्तान उभे करून भिडू निवडायला लावू नयेत. शेवटी उरणारा दर वेळी तोच असतो. 'एक-दोन, एक-दोन' मोजून संघ पाडावेत. आणि खेळाचा तास गणिताला देऊ नये! ५ ते १७ वयाच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं अंग हलवणारा व्यायाम हवा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आमच्या शाळेत आठवड्याला दोन तास होते आणि सहामाही झाली की तेही इतर विषयांना जायचे. कोमेजून गप्प बसलेल्या मुलासाठी टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक शाळेत ठळक लावलेला असावा.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात २०१३ मध्ये आपल्याच पालघरमधून झाली. त्याचं पथक शाळांत वर्षातून एकदा तपासणीला येतं. यंदा ते येण्याआधी मी माझ्या जुन्या शाळेत जाऊन मुख्याध्यापिकाबाईंना भेटले. वजनकाटा व्हरांड्यातून प्रयोगशाळेत हलवायला त्या लगेच तयार झाल्या. दाराला पडदा नव्हता, तो मी शिवून दिला आहे. नोंदी लिहायलाही मीच बसणार आहे.

आपली,
एक निवृत्त क्रीडाशिक्षिका, जि. सांगली