खिळ्यांच्या फळ्या अजून माझ्याकडेच आहेत

काका, सप्रेम नमस्कार.

तोंडावर आभार मानले की तुम्ही "असू दे, असू दे" म्हणून विषय बदलता. म्हणून चार लोकांसमोर लिहितोय. आता मध्येच तोडता येणार नाही.

कपाटाची सहा दारं रंगवायला काढली होती, तो दिवस आठवतो? एक बाजू रंगवायची, वाळेपर्यंत थांबायचं, मग दार उलटायचं. तिसऱ्या दाराला माझा धीर सुटला. ओलं दार उचलून भिंतीला टेकवलं आणि दोन्ही कडांवर माझ्या बोटांचे ठसे उमटले. तुम्ही ते बघितलंत, पण हसला नाहीत. जाऊन लाकडाचे चार टाकाऊ तुकडे घेऊन आलात. प्रत्येकातून एक खिळा आरपार ठोकलेला, टोक वर. "टोकं हातोडीने जराशी बोथट केलीत, नाहीतर लाकडात रुततात," एवढंच बोललात.

आधी मागची बाजू रंगवायची, ओली असतानाच दार उलटून त्या टोकांवर ठेवायचं आणि लगेच दर्शनी बाजू घ्यायची. मागे राहिले ते टाचणीच्या डोक्याएवढे चार ठिपके, तेही कपाटाच्या आत. मला ठाऊक आहेत म्हणून दिसतात. छोट्या वस्तूंना तीनच टोकं द्यायची हेही तुम्हीच सांगितलंत. चार टेकूंतला एखादा उंच-सखल झाला की वस्तू डुगडुगते, तिनांवर मात्र ती निमूट बसते.

तोवर माझी समजूत अशी की काम बिघडतं ते हत्यारं कमी पडतात म्हणून. खरं तर करवत चालत होती, ब्रशही बरा होता. अडत होतं ते वस्तू धरून ठेवण्यापाशी. कापताना, चिकटवताना, वाळताना ती कुठे आणि कशी राहील, याचा विचार मी कधी केलाच नव्हता.

चौकटीचंही तेच. चार कोपरे एकदम दाबतील असे लांब क्लॅम्प माझ्याकडे नव्हते. तुम्ही दोरीचे दोन वेढे चौकटीभोवती घेतलेत, कोपऱ्यांवर पुठ्ठ्याचे तुकडे ठेवलेत, दोन वेढ्यांमध्ये काठी घालून पीळ दिलात आणि ती काठी चौकटीलाच अडकवून ठेवलीत. दाब इतका आला की सांध्यांतून ग्लू बाहेर आला. मी खूश होऊन उठणार, तर म्हणालात, "कर्ण मोज." एक कर्ण दुसऱ्यापेक्षा चार मिलिमीटर लांब निघाला. लांब कर्णाचे दोन कोपरे आतल्या बाजूला दाबून दोन्ही मापं सारखी केली, तेव्हा कुठे चौकट काटकोनात आली. ग्लू वाळल्यावर हे कळलं असतं तर चौकट मोडावी लागली असती.

त्याच दिवशी माझा गुण्याही, म्हणजे काटकोन तपासायचं हत्यार, खोटा निघाला. सरळ कडेला लावून रेघ मारली, गुण्या उलटा करून त्याच बिंदूतून दुसरी मारली आणि दोन रेघा फाकल्या. त्यांच्यात दिसते ती फट चुकीच्या दुप्पट असते. मी वर्षभर तोच गुण्या वापरत होतो!

फटी बुजवायला केलेली भुशाची लांबी (पुट्टी) ही माझी स्वतःची हुशारी होती, त्यामुळे तिचं श्रेय तुम्हाला देत नाही. भुसा आणि ग्लू कालवून फटी भरल्या, घासल्या, वर लाकडाच्या रंगाचं स्टेन, म्हणजे लाकडात मुरणारा पातळ रंग, लावलं. भरलेली प्रत्येक जागा डागासारखी उठून दिसली, कारण वाळलेला ग्लू स्टेन पिऊच देत नाही. वर ऑइल पेंट येणार असेल तर हे चालतं. लाकूड दिसणार असेल तर त्याच लाकडाची पॉलिश पेपरने पडलेली बारीक धूळ लाखेच्या पॉलिशमध्ये कालवायची आणि आधी एखाद्या टाकाऊ तुकड्यावर बघायचं. हे तुम्ही डाग पडल्यावर सांगितलंत. आधी विचारलं असतं तर आधी सांगितलं असतंत, हेही मान्य.

रंगाच्या डब्याच्या काठावरच्या खाचेत खिळ्याने भोकं पाडायची म्हणजे तिथे साचलेला रंग परत आत उतरतो आणि झाकण घट्ट बसतं, ही युक्ती मी आता सगळ्यांना सांगत सुटलोय. डबा उलटा ठेवायच्या तुमच्या सल्ल्याबाबत मात्र आपलं जमणार नाही. माझा एक गळला.

आता ज्यासाठी खरं तर हे पत्र. जवसाचं तेल लावून झाल्यावर चिंध्यांचा बोळा करून मी कोपऱ्यातल्या भुशाच्या पोत्यावर फेकला होता. तुम्ही वाक्य अर्धं सोडून तो उचललात. आवाज चढवलेला मी तेव्हाच पहिल्यांदा ऐकला. हे तेल वाळतं ते हवेतला प्राणवायू घेऊन, आणि त्यात उष्णता निघते. पसरलेल्या कापडातून ती निघून जाते. बोळ्यात कोंडते, वाढत जाते आणि काही तासांत कापड आपोआप पेटू शकतं. काडी लागत नाही, ठिणगी लागत नाही. मला वाटायचं धोका टर्पेंटाइनचाच. तेव्हापासून चिंध्या बाहेर एकेक पसरून कडक वाळवतो, नाहीतर पाणी भरलेल्या, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात बुडवतो. त्या रात्री खोलीत कुणी नसणार होतं. याचे आभार कसे मानायचे, ते मला अजून जमलेलं नाही.

खिळ्यांच्या फळ्या परत द्यायच्या राहिल्यात. एका खिळ्याचं टोक वाकलं होतं, ते बदललंय. पुढच्या आठवड्यात दोन खुर्च्या रंगवायच्या आहेत, तेवढ्या झाल्या की आणून देतो.

तुमचा,
दहा ठशांवाला