तो वाद मिटलेला नाही

संपादक महोदय,

काल तुमच्या पेपरात त्या पोलीस ठाण्यात गेलेल्या मुलीची बातमी वाचली आणि रात्री डोळ्याला डोळा नाही लागला. बावीस वर्षांची मुलगी स्वतः चालत ठाण्यात जाते, सांगते की घरी भीती वाटते, आणि तिला समझाइश देऊन आईवडिलांच्या "स्वाधीन" करतात. वर तुमचं हेडिंग, 'घरगुती वाद मिटला'. कुणाचा मिटला?

आमच्या घरातही 1991 मध्ये असाच मिटला होता. ताईला दुसऱ्या जातीतल्या मुलाशी लग्न करायचं होतं, एवढंच. कुणी हात उगारला नाही. फक्त तिच्या चपला माळ्यावर गेल्या, बँकेचं पासबुक बाबांच्या कपाटात गेलं, आणि रात्री आई तिच्या खोलीच्या दारात आडवी गादी घालून झोपायला लागली. काका रोज संध्याकाळी यायचे, तुझ्यामुळे धाकटीचं लग्न अडेल म्हणायचे, ती धाकटी म्हणजे मी. तिच्या ऑफिसात द्यायचा रजेचा अर्ज मी लिहिला, कावीळ झालीय म्हणून, तिच्यासारखं अक्षर काढून. सात आठवड्यांनी ताई दुसऱ्या स्थळाला हो म्हणाली आणि आम्ही रामबागेत घरोघरी पेढे वाटले. तो अर्ज मला अजून पाठ आहे.

तेव्हा यासाठी वेगळा कायदा तरी नव्हता. आता 2005 चा घरगुती हिंसाचाराचा कायदा आहे, त्यात मानसिक आणि पैशाचा छळही येतो आणि तो फक्त नवऱ्याविरुद्ध नाही, बापाविरुद्धही तक्रार करता येते. मार्च 2018 मध्ये सुप्रीम कोर्टाने शक्ती वाहिनी केसमध्ये स्पष्ट सांगितलंय की सज्ञान मुलामुलींच्या लग्नाला घरच्यांची किंवा समाजाची परवानगी लागत नाही, आणि अशा जोडप्यांसाठी जिल्ह्याजिल्ह्यात स्पेशल सेल, चोवीस तास हेल्पलाइन हवी. मग ठाण्यात समझाइश मुलीलाच का? बातमीखाली निदान 181 हा महिला हेल्पलाइनचा नंबर तरी छापायचा.

आणि तिचं कॉलेज, तिची गल्ली छापायची काय गरज होती? वडिलांचं नाव मात्र नाही. आज सकाळी दूधवाल्यालासुद्धा माहीत होतं कुणाची मुलगी ते.

कृपा करून तुमच्या रिपोर्टरला परत पाठवा. ती कॉलेजला जातेय का, फोन तिच्याकडे आहे का, एवढं तिला एकटीला भेटून विचारून या.

एक वाचिका, इंदूर