पाळीतलं दुखणं सोसायचंच का?

महोदय,
पाळीत मुलगी पोट धरून बसली की घरातल्या बायकाच म्हणतात, सगळ्यांनाच दुखतं, लग्नानंतर थांबेल. तोवर काय करायचं तिनं? अहो, गर्भाशयात प्रोस्टाग्लँडिन नावाचं रसायन जास्त तयार होतं, त्याने स्नायू आवळतात आणि कळा येतात, म्हणून ते रसायन कमी करणारी आयबुप्रोफेन किंवा मेफेनॅमिक अ‍ॅसिडची गोळी कळ सुरू होतानाच, काहीतरी खाऊन घेतली तर जास्त उपयोग होतो. अल्सर, दमा, किडनीचा त्रास असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा, आणि गोळीनंतर ताप, पुरळ आलं तर ती बंद (२०२३ मध्ये मेफेनॅमिकबद्दल सरकारी अलर्टही आला होता). गरम पाण्याच्या पिशवीनेही बरं वाटतं. पण दर महिन्याला शाळा बुडतेय, दुखणं वाढतच चाललंय तर काढे पाजत बसू नका, एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढण्याचा आजार) आहे का ते तपासून घ्या.

– एक आई, कराड