दोन गाड्या, एक पोर्च

संपादक महाशय,
पार्किंगवरून रोज भांडणं होतात म्हणून जरा घरातलं लिहितोय. आमच्या पुण्यातल्या रो-हाऊसचा पोर्च मारुती ८०० च्या जमान्यातला, रुंदी 14 फूट, आणि ती गाडी तर पाच फूटही रुंद नव्हती. आता मुलाची आणि माझी अशा दोन स्विफ्ट, प्रत्येकी 1.735 मीटर, म्हणजे आरसे मिटले तरी दोन्ही मिळून साडेअकरा फुटांच्या आसपास जातात आणि उरतात जेमतेम अडीच फूट. महिनाभर एक गाडी रस्त्यावरच होती, शेजाऱ्यांची तोंडं वाकडी!

मग सुचलं की डावीकडची गाडी सरळ आत घालायची आणि उजवीकडची रिव्हर्स, मग दोघांची ड्रायव्हरची दारं मधेच येतात, एकच दोन फुटी गॅप दोघांना पुरते आणि बाकीच्या बाजू भिंतीला चिकटवल्या तरी चालतं. फक्त बाकीच्यांनी गेटबाहेरच उतरायचं, आमची आई रोज कुरकुरते पण उतरते. छतावरून दोरीला टेनिस बॉल लोंबतोय, काचेला टेकला की ब्रेक. सायकली भिंतीवर हुकला.

स्कॉर्पिओ-एन घ्यायचं मुलाच्या डोक्यात आहे, ती 1.9 मीटरच्या वर रुंद. आधी टेप घेऊन ये म्हटलं.

– एक वाचक, पुणे