आठवड्याला माणसानं करायचं काय?

नौपाडा, ठाणे

प्रिय मित्रा,

हिंदू सुधारणा चळवळींवरच्या वाशीच्या व्याख्यानाचा तुझा आराखडा वाचला. 1828 चा ब्राह्म समाज, मग प्रार्थना समाज, आर्य समाज, 1897 चं रामकृष्ण मिशन. सनावळी चोख आहे. पण ऐकणाऱ्याला त्यातून एवढंच कळेल की एकामागून एक समाज निघाले. कोण रुजलं, कोण विरलं आणि का, हे सांगायचं तर प्रत्येकाला एकच प्रश्न विचार: सभासद झालेल्या साध्या माणसानं आठवड्याभरात नेमकं करायचं काय? माझ्या मते चळवळीचं आयुष्य तत्त्वज्ञानापेक्षा यावर जास्त ठरतं.

सुरुवात मुंबईतूनच कर, 1849 च्या परमहंस सभेपासून. जातिभेद मोडायचा, पण गुपचूप. आत येणाऱ्याला परधर्मीयाच्या हातचा पाव खावा लागे. घरी गेल्यावर सोवळं-ओवळं होतं तसंच. 1860 च्या सुमारास सभासदांची यादी चोरीला गेली, नावं फुटली आणि सभाच मोडली. त्यातल्याच काही मंडळींनी 1867 मध्ये प्रार्थना समाज काढला, तो मात्र उघडपणे. रविवारची उपासना, तुकोबांचे अभंग, आणि घरचे देव किंवा जात सोडलीच पाहिजे अशी सक्ती नाही. त्यामुळे रानडे, भांडारकरांसारखी माणसं आपल्या नात्यागोत्यात राहून काम करू शकली. पण सोमवारी सभासदाला वेगळं काही करावं लागत नव्हतं, म्हणून प्रार्थना समाज शिकलेल्या वर्गाबाहेर फारसा गेला नाही.

आर्य समाजाची तऱ्हा उलटी. 1875 मध्ये तो मुंबईत निघाला तेव्हा नियम 28 होते. 1877 ला लाहोरला ते 10 वर आले. ही छाटणी तू गाळली आहेस, ती नक्की घे. दहा नियम, रोजची संध्या, हवन, आठवड्याचा सत्संग आणि उत्पन्नाचा शंभरावा हिस्सा वर्गणी: एवढ्यावर कुठल्याही गावात शाखा उभी राहते. पंजाबात तो वणव्यासारखा पसरला तो यामुळे. पुढे शिक्षण कसं द्यावं आणि मांसाहार चालेल का, यावरून 1893 मध्ये तो दुभंगला.

सत्यशोधक समाजाला तू एक ओळ दिली आहेस, हा अन्याय आहे. त्याला हिंदू चळवळ म्हणावं का यावर श्रोते वाद घालतील, घालू देत. 1873 च्या सप्टेंबरात स्थापना आणि त्याच डिसेंबरात भटजीशिवाय लग्न! जोतीरावांनी मंगलाष्टकं मराठीत रचली. त्यांत वधू स्त्रियांचे हक्क मागते आणि वर ते द्यायचं वचन देतो. दक्षिणा नाही, आणि लग्न लावायला संस्कृत यावं लागत नाही. शेतकऱ्याच्या मांडवात नेता येईल असा हा विधी होता, म्हणूनच समाज खेड्यांत पोचला.

मग आपल्या भागात ये. घोडबंदर रोडवरचं तत्त्वज्ञान विद्यापीठ पांडुरंगशास्त्री आठवल्यांनी 1956 मध्ये काढलं. त्यांच्या स्वाध्याय चळवळीतली मत्स्यगंधा, म्हणजे कोळ्यांची सामायिक होडी, नीट समजावून सांग: होडी कुणा एकाच्या मालकीची नाही, कोळी पाळीपाळीनं एकेक दिवस तिच्यावर जातात, आणि मासळीचे पैसे देवाचे मानून आधी गरजूला देतात. भक्ती म्हणून एक दिवसाची मेहनत मागितली, म्हणून ती मिळाली. नुसती देणगी मागितली असती तर गरीब कोळी बाहेरच राहिला असता.

नानासाहेब धर्माधिकाऱ्यांची बैठकही 1943 पासून अशीच वाढली: ठरलेला वार, दासबोधाचा समास, निरूपण. दासबोधात 20 दशक, प्रत्येकी 10 समास, म्हणजे वर्षानुवर्षं पुरेल एवढी शिदोरी पुस्तकातच. 2023 च्या एप्रिलमध्ये नानासाहेबांचे चिरंजीव अप्पासाहेब यांच्या महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या खारघरच्या सोहळ्याला लाखो माणसं आली आणि उष्माघातानं काहींचे जीव गेले, ते सगळ्यांना आठवतं. एवढा समुदाय जमला कसा, हे कळायचं तर आठवड्याच्या या बैठका बघाव्या लागतात. दोन वाक्यं यावर बोलच.

इस्कॉन या कृष्णभक्तांच्या संस्थेचं खारघरचं नवं मंदिर 2025 मध्ये उघडलंय, तेव्हा तिच्याबद्दल प्रश्न येणारच. संस्था 1966 ची, न्यूयॉर्कची. मूळ परंपरा बंगालच्या चैतन्यांची. दीक्षा घेतलेल्यानं रोज 16 माळा जपायच्या, माळेला 108 मणी, म्हणजे ‘हरे कृष्ण’ महामंत्र 1728 वेळा. बहुतेकांना यातच दीड-दोन तास लागतात.

आराखडा बदललास की पाठव, रविवारी बघून ठेवतो.

तुझाच